जमेची बाजू

मध्यमवर्गीय मराठी घरांत एके काळी रात्रीची जेवणे झाली, मागची आवराआवर संपली, की घरातील कर्ता पुरुष कपाटावरची वही खाली काढी आणि दिवसाचा जमाखर्च लिहावयास बसे. दूध, भाजी, रेशन, मुलाची फी, एस.टी.चे भाडे, अवचित आलेल्या पाहुण्यांसाठी आणलेली पाव किलो साखर, सारे काही त्या वहीत येई, आणि पैशापर्यंत मेळ लागल्यावाचून ती मिटली जात नसे. चार आणे कोठे गेले, यावरून पतिपत्नींत शब्दाने शब्द वाढल्याचे प्रसंगही घरोघरी घडले असतील. अशी एखादी वही आज माळ्यावरून खाली काढून चाळली, तर त्या काळच्या भाववाढीचा बराच इतिहास तिच्यात सापडतो. पण त्याहूनही एक गोष्ट डोळ्यांत भरते. खर्चाची बाजू गच्च भरलेली असते. जमेच्या बाजूला महिन्यातून एकदा पगाराचा आकडा पडतो, क्वचित एखादी मनिऑर्डर किंवा भिशीची रक्कम येते, आणि उरलेले अठ्ठावीस-एकोणतीस दिवस ती बाजू कोरी राहते.

हिशेब म्हणून यात काहीच वावगे नाही. पैसा महिन्यातून एकदा येत होता आणि रोज जात होता. वहीने ते इमानाने नोंदवले. अडचण अशी, की अंथरुणाला पाठ टेकल्यावर मन जो हिशेब मांडते, तोही याच पद्धतीने मांडला जातो. वरिष्ठांचे लागट बोलणे, चुकलेली गाडी, शेजाऱ्याने जिन्यात मांडलेले सामान, दुकानदाराने मारलेले माप, या खर्ची पडलेल्या बाबींची नोंद तारीखवार होते. मिळाले ते मात्र ठरावीक दिवशीच जमा धरले जाते: बढती मिळाली, मुलाचा निकाल लागला, घराची वास्तुशांत झाली, तर तेवढी एक नोंद. मधल्या दिवसांत काही मिळालेच नाही असे नसते. ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी ही कोरी बाजू भरून पाहण्याचा एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले. इंटरनेटवरून त्यात सामील झालेल्यांपैकी ४११ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांचे गट पाडण्यात आले होते. एका गटाला सांगण्यात आले, की ज्या व्यक्तीने आपल्यावर मोठे उपकार केले आणि जिचे आभार मानायचे राहून गेले, तिला सविस्तर पत्र लिहा आणि आठवड्याच्या आत ते स्वतः नेऊन द्या. दुसऱ्या गटाचे काम अगदीच किरकोळ होते. आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती कशामुळे घडली, ते कारण लिहायचे. तुलनेसाठी आणखी एक गट होता. त्याने रोज रात्री लहानपणच्या आठवणी लिहिल्या.

पत्र घेऊन गेलेली माणसे सर्वांत अधिक आनंदली. ते अपेक्षितच होते. वर्षानुवर्षे मनात साचलेले एकदाचे बोलून टाकल्यावर डोळ्यांना पाणी आले असेल, गळाभेटी झाल्या असतील. हा आनंद महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा विरून गेलेला होता. तीन ओळी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत उलट घडले. पहिल्या आठवड्यात त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. एका महिन्याने तो दिसू लागला आणि सहा महिन्यांनीही टिकून होता. बँकेच्या भाषेत बोलायचे तर एकरकमी ठेव मोडली गेली, आवर्ती ठेव वाढत राहिली. मात्र संशोधकांनीच नोंदवलेली एक बाब येथे सांगितली पाहिजे. प्रयोगाचा आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपण होऊन लिहिणे चालू ठेवले, त्यांनाच हा लाभ प्रामुख्याने झाला. ज्यांनी सात दिवसांनी वही बाजूला टाकली, त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

सवयीचे दोन चेहरे

अर्थशास्त्राला या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. हेर्मान गोसेन या जर्मन लेखकाने १८५४ साली मांडलेला नियम आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवला जातो: भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीने जे समाधान मिळते, ते चौथ्या भाकरीने मिळत नाही. परीक्षेत आकृती काढून गुण मिळवण्यापुरता हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण तो एका बैठकीतील भाकऱ्यांपुरता नाही. साऱ्या आयुष्याला तो कमीअधिक लागू पडतो, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. चाळीतून ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबाला घरातल्या नळाचे कौतुक किती दिवस वाटते? पहाटे उठून सार्वजनिक नळावर हंडे लावणाऱ्या बाईला तो नळ म्हणजे साक्षात गंगा वाटली असेल. वर्षभराने तोच नळ गळू लागला, की फक्त तेवढ्यापुरता त्याचा विषय निघतो. ज्या गोष्टी अंगवळणी पडतात त्या दिसेनाशा होतात, आणि माणसाच्या सुखाचा फार मोठा भाग अंगवळणी पडलेल्या गोष्टींचाच बनलेला असतो.

या संदर्भात १९७८ सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, आणि तितक्याच नेहमी तो चुकीचा सांगितला जातो. ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुल्मन या तिघांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसे लागलेले २२ जण, अपघातात हातपाय लुळे पडलेले २९ जण आणि २२ सर्वसाधारण माणसे यांची तुलना केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते, हे खरे. पण अपघातग्रस्त इतरांइतकेच सुखी होते, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. ते इतरांहून कमीच सुखी होते, फक्त लोकांना वाटते तितके दुःखी नव्हते. या अभ्यासातील खरी मोलाची नोंद निराळीच आहे. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, कोणी केलेली स्तुती, मासिकाचे वाचन अशा रोजच्या साध्या गोष्टींत किती गोडी वाटते, असे विचारले असता लॉटरी लागलेल्यांनी इतरांहून कमी गोडी सांगितली. ज्या दिवशी बक्षीस लागले, त्या दिवसाने पुढच्या साऱ्या न्याहाऱ्या बेचव केल्या.

बावीस माणसांवरून सिद्धान्त बांधू नये, हे संख्याशास्त्र शिकलेल्या कोणालाही कळते. स्वीडनमधील लॉटरीविजेत्यांचा पुष्कळ मोठ्या प्रमाणावर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि मोठी रक्कम मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे एकूण समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेच राहते, असे त्यात आढळले. पैशाने काही होत नाही, असे म्हणण्याची सोय तेव्हा कोणालाही उरलेली नाही. आणि ज्याच्याकडे तो नाही, त्याला हे अभ्यासावाचूनही ठाऊक असते. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. एकूण आयुष्याविषयी विचारले असता समाधान स्पष्ट वाढलेले दिसते. सुखाची भावना आणि मनाचे स्वास्थ्य यांवरचा परिणाम मात्र त्याहून बराच तोकडा असतो. वार्षिक ताळेबंद सुधारतो, रोजकीर्द फारशी बदलत नाही.

सवय सुख बोथट करते, ही एक बाजू झाली. तीच सवय राबवून घेता येते, ही दुसरी. येथेही लोकांत एक गैरसमज रूढ आहे. एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते, असे पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून ठोकून सांगितले जाते. या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे 'निदान' हा शब्द गळाला आणि एकवीस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक साधी गोष्ट रोज करायला सांगितली: दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणे, पाणी पिणे, संध्याकाळच्या जेवणापूर्वी थोडे धावणे. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला लागणारा काळ सरासरीने ६६ दिवस निघाला. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, असेही आढळले. नेम मोडला की सारे संपले, असे मानून वही कायमची मिटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

'नेम' हा शब्द येथे सहज आला, पण तो अस्थानी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने एखादा नेम धरण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी रोज एक अध्याय वाचतो, कोणी तुळशीपुढे दिवा लावतो. त्या नेमामागील श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. परंतु ज्यांनी ही चाल पाडली, त्यांनी नेम लहान ठेवला, त्याची वेळ ठरवून दिली, मुदत तीन आठवड्यांची न ठेवता चार महिन्यांची ठेवली, आणि शेवटी उद्यापन करून कोणाला तरी काही द्यावे अशी व्यवस्था लावली. लंडनच्या प्रयोगातील आकडेवारी हाती असलेल्या माणसानेही याहून फारशी निराळी योजना आखली नसती.

खांदेमळणी

आता एक पेच उभा राहतो. सवयीने जर सर्वच गोष्टी बोथट होत असतील, तर कृतज्ञतेची सवय तरी त्यातून कशी सुटेल? ती सुटत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. सहा आठवडे एका गटाने आठवड्यातून एकदा आपल्याला लाभलेल्या गोष्टींची यादी केली. दुसऱ्याने तीच यादी आठवड्यातून तीनदा केली. लाभ झाला तो पहिल्या गटाला. तीनदा लिहिणाऱ्यांना तो व्यायाम नीरस झाला असावा. 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' हे तीन शब्द विसाव्यांदा लिहिताना माणूस काहीच पाहत नसतो. सभेच्या शेवटी होणाऱ्या आभारप्रदर्शनासारखेच ते असते. अध्यक्षांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांची नावे घेतली जातात आणि तोवर श्रोते चपला शोधायला लागलेले असतात.

मग सेलिग्मन यांच्या प्रयोगात रोजचे लिहिणे फळाला का आले? तेथे यादी आयुष्यातील लाभांची नव्हती, त्या दिवशी घडलेल्या गोष्टींची होती; आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचे होते. 'प्रकृती चांगली आहे' हे आजही खरे असते आणि उद्याही. त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. 'गाडी निघाली होती, पण धावत येताना दिसल्यावर कंडक्टरने घंटी मारून थांबवली' ही नोंद फक्त आजची असते. कारणाच्या रकान्यात एक माणूस येतो, त्याने हलवलेला हात येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. झूल, बेगड, गोंडे, पुरणपोळी हे सारे दुसऱ्या दिवशीचे. आदल्या दिवशी बैलाला धुऊन त्याचा खांदा शेकतात आणि तुपात कालवलेली हळद त्याला चोळतात. जू जेथे घासते, तेथे. वर्षभर कातडे निबर होत गेलेली हीच जागा आहे, हे धन्याला माहीत असते, आणि हातही नेमका तेथेच पडतो. दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घालून मोकळे होणाऱ्या कारखान्यातील पूजेशी याची तुलना केली, म्हणजे सर्वसाधारण आभार आणि नेमकी जाणीव यांतील अंतर कळते. पोळ्यावरही आक्षेप घेता येईल: एक दिवस पुरणपोळी आणि उरलेले दिवस पराणी. तो आक्षेप खराच आहे. पण खांद्याला हळद लावणाऱ्या हाताला जखम दिसते, आणि दिसलेल्या जखमेवर दुसऱ्या दिवशी जू ठेवताना तो हात थोडा तरी अडखळत असेल.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ सालच्या प्रयोगांनी या विषयाच्या अभ्यासाला मोठी चालना दिली. त्यांनी एका गटाला दहा आठवडे लाभलेल्या गोष्टी, दुसऱ्याला झालेले त्रास आणि तिसऱ्याला नुसत्या घडामोडी लिहायला सांगितल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले, पुढील आठवड्याविषयी आशा अधिक वाटली, आणि त्याने व्यायामही अधिक केला. स्नायू दुबळे करणाऱ्या विकारांनी ग्रासलेल्या रुग्णांवर एकवीस दिवसांचा प्रयोग झाला, त्यात रुग्णांच्या जोडीदारांनाही फरक जाणवला. म्हणजे तो केवळ लिहिणाऱ्याच्या मनाचा खेळ नव्हता. असे असले तरी पुढे अनेक प्रयोग एकत्र करून जे आढावे घेतले गेले, त्यांत परिणाम माफकच दिसतो. खिन्नतेच्या आजाराने खचलेल्या माणसाच्या हाती वही देऊन त्याला डॉक्टरकडे नेण्याचे टाळणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मुदतठेवीवरचे व्याजही माफकच असते. त्यावर संसार चालत नाही, पण ते सोडूनही कोणी देत नाही.

कोणी कोणाचे उपकार मानायचे?

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो अर्थशास्त्राच्याच घरातून आलेला आहे. अमर्त्य सेन यांनी तो वारंवार मांडला. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळील सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. आपली प्रकृती बिघडलेली किंवा बेताची आहे, असे विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी सांगितले. विधवांपैकी तसे सांगणाऱ्या अवघ्या २.५ टक्के होत्या. त्या काळच्या बंगालमधील विधवांची स्थिती ज्याला ठाऊक आहे, त्याला यातून विधवा सुदृढ होत्या असा निष्कर्ष काढवणार नाही. तक्रार करण्याजोगे आपल्याला शरीर आहे, हेच त्या विसरल्या होत्या. जे आहे त्यात समाधान मानण्याची सवय त्यांच्याइतकी पक्की कोणाचीच नसेल. सेन यांचे म्हणणे असे, की पिचलेली माणसे आपल्या इच्छाच इतक्या लहान करून घेतात, की त्यांना समाधानी आहात का, असे विचारून त्यांच्या स्थितीचे मोजमाप होऊ शकत नाही.

महाराष्ट्राला हे सिंगूरपर्यंत जाऊन शिकण्याची आवश्यकता नाही. संतांच्या वाणीतील समाधानाचा उपदेश खेड्यापाड्यांतून किती सोयीस्कर रीतीने वापरला गेला, हे येथील सुधारकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितले आहे. संतांनी तो स्वतःला केला होता. सावकाराने तो कुळाला ऐकवला. आजही कंत्राटी कामगाराला 'काम आहे याबद्दल आभार मान' असे सांगणारे व्यवस्थापक आहेत, आणि कर्मचाऱ्यांसाठी 'सकारात्मकते'ची शिबिरे भरवून त्याच महिन्याचा जादा कामाचा भत्ता थकवणाऱ्या संस्थाही आहेत. कृतज्ञता ज्याला मिळाले त्याने मानायची असते. ती देणाऱ्याने मागायची नसते. आणि ज्याचे देणे थकलेले आहे, त्याला तर ती मागण्याचा अधिकार मुळीच नसतो. ॲडम स्मिथने १७५९ साली, म्हणजे 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहिण्यापूर्वी सतरा वर्षे, नीतिभावनांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा भेद स्वच्छ केलेला आहे. न्याय बळाने मिळवता येतो, कृतज्ञता बळाने मिळवता येत नाही. जबरीने वसूल केली, की ती कृतज्ञता राहत नाही, पट्टी होते.

उलट बाजूनेही हा भेद लागू पडतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर लोकांनी गॅलऱ्यांत आणि दारांत उभे राहून थाळ्या वाजवल्या. आरोग्यसेवकांविषयीची ती कृतज्ञता खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांचे डोळे तेव्हा खरोखर ओलावले होते. पण पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील हजारो आशा सेविका वाढीव मोबदल्यासाठी संपावर गेल्या. घरोघर फिरून तापाच्या नोंदी करणाऱ्या त्याच या स्त्रिया. सरकारदरबारी त्यांची गणना स्वयंसेविकांत होते, म्हणून त्यांना वेतन मिळत नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन मिळते. या शब्दात मान आधी येतो आणि धन मागून, हे शब्द घडवणाऱ्याने जाणून केले नसेल. व्यवहार मात्र अगदी त्याच क्रमाने होतो. थाळ्यांचा आवाज सेलिग्मन यांच्या पहिल्या गटातील पत्रासारखा होता: मोठा, मनापासूनचा आणि महिन्याभरात विरणारा. त्या संध्याकाळनंतर आपल्या गल्लीत फिरणाऱ्या सेविकेचे नाव किती घरांनी विचारून घेतले असेल? ज्यांनी घेतले, त्यांना संपाची बातमी निराळी वाटली असणार.

येथेच दोन हिशेब वेगळे ठेवण्याची गरज आहे. देणे हे देण्याच्या खात्यात, कृतज्ञता ही जमेच्या. एकाची बाकी दुसऱ्यात वळती करता येत नाही. स्वतःच्या वहीत कंडक्टरचे नाव लिहिणाऱ्या माणसाने एस.टी. कामगाराच्या पगाराविषयी उदासीन असावे, असे त्या वहीत कोठेही लिहिलेले नसते. खरे तर कारणाचा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर माणूस उदासीन राहू शकत नाही. आपले सुख कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे रोज तीन वेळा लिहून काढणे सोयीस्कर व्यायाम नव्हे.

याचा पडताळा घराबाहेर जाण्यापूर्वी घरातच येतो. मराठी घरात एकमेकांना 'धन्यवाद' म्हणण्याची रीत नाही. ताटात भाकरी वाढणाऱ्या आईला मुलाने तसे म्हटले, तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. ज्यांच्याशी हिशेब नाही त्यांचे आभार मानायचे नसतात, या समजुतीमागे जिव्हाळा आहे, यात शंका नाही. पण त्या मौनाची दुसरी बाजूही आहे. ए. सी. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते! काम तेच, करणारी तीच. पगार थांबला म्हणून ते मोजदादीतून गेले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराची पाहणी केली, तेव्हा या न मोजलेल्या कामाचा थोडा अंदाज आला. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही हे काम मुळात करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, आणि पुरुष २६.

जमाखर्चाच्या त्या जुन्या वहीत दळणाचे पैसे आहेत, दळण डोक्यावरून नेणारी नाही. आता ती वहीही उरलेली नाही. भाजीवालीला दहा रुपये दिले, तरी बँकेचा संदेश खिशात वाजतो आणि खर्चाची बाजू आपोआप लिहिली जाते. जमेची बाजू लिहिणारे यंत्र निघालेले नाही. एखाद्या गृहस्थाने एका वहीत चातुर्मासापुरती ती हाताने लिहून पाहिली, रोज तीन नोंदी, प्रत्येकीपुढे कारण, तर साडेतीनशेच्या वर नोंदी होतील. वेळेवर मिळालेला डबा, इस्त्री केलेला सदरा, आजारी वडिलांची शांत गेलेली दुपार. या साडेतीनशेंपैकी किती नोंदींपुढे एकच नाव पुन्हा पुन्हा आले, हे मोजायला अर्थशास्त्राची पदवी लागणार नाही. ती व्यक्ती त्या वेळी, रात्रीचे साडेदहा वाजलेले असताना, शेजारच्या खोलीत उद्याचे कडधान्य भिजत घालत असेल. तिच्याकडे अशी वही असती, तर तिने आजच्या तीन ओळींत कोणाचे नाव लिहिले असते, हे विचारायला त्या गृहस्थाला पेन खाली ठेवून उठावे लागेल.